डल्सीने गाळलेलं वाक्य

डल्सी हॉर्नब्रूकला लेख वाचून दाखवायचा म्हणजे आधी तिच्या इस्त्रीच्या टेबलासमोर स्टुलावर बसायचं. ती उभी. हातात इस्त्री, शेजारी धुतलेल्या कपड्यांची टोपली. "हं, वाच," म्हणायची आणि इस्त्री फिरवायला लागायची. वाक्य ठीक असलं की इस्त्री सरळ जायची. वाक्य फुगलं, खोटं वाजलं, की ती इस्त्री उचलून उभी करून ठेवायची आणि खिडकीबाहेर बघत राहायची. बोलायची नाही. आपणच काय ते समजायचं आणि पेन्सिलीने काट मारायची. काट मारली की इस्त्री पुन्हा सुरू. उशांचे अभ्रे, कपबशा पुसायचे टी-टॉवेल, हातरुमाल, अगदी फरशीची फडकीसुद्धा ही बाई इस्त्री करायची, कारण घरात कपडे कमी आणि लेखक जास्त.

आणि लेख खरोखरच चांगला असला तर? तर ती इस्त्री विसरायची. एकाच जागी टेकवून ऐकत राहायची आणि खोलीत करपल्याचा वास सुटायचा. तिच्या स्वयंपाकघरात असे तपकिरी डाग पडलेले पाच-सहा टी-टॉवेल होते आणि कुठला डाग कुणाच्या लेखाचा ते तिला पाठ होतं. नॉटिंगहॅममधली लिहिणारी माणसं त्या डागासाठी जीव टाकायची. मलाही एक मिळाला. तो अजून माझ्याकडे आहे आणि त्याने मी कुणाला कपबशा पुसू देत नाही.

आम्ही नॉटिंगहॅमला आलो तेव्हा ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. अरविंद, माझा नवरा, हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डात डॉक्टर. मी पुण्याची, झूऑलॉजीत एम.एस्सी., आणि दिवसभर घरी भिंतींशी गप्पा. एके दिवशी कौन्सिलच्या लायब्ररीत नोटीस बोर्डवर एक कागद टोचलेला दिसला. एका साहित्यिक त्रैमासिकाला मदतनीस हवा होता. शास्त्र कळायला हवं, स्पेलिंग चांगलं हवं, आणि खाली ठळक अक्षरांत, गोड बोलणारी माणसं नकोत. ती शेवटची अट वाचली आणि म्हटलं, ही नोकरी आपलीच!

दार उघडलं ते साठीच्या आसपासच्या एका उंच, रापलेल्या बाईने. पुरुषी पँट, कोपरावर ठिगळ लावलेलं कार्डिगन, ओठात स्वतः वळलेली सिगरेट. मी सवयीने वाकून बूट काढायला लागले तर म्हणाली, "राहू दे. माझी फरशी तुझ्या बुटांपेक्षा घाण आहे." आईच्या वयाच्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना. तो सबंध हिवाळा मी नुसतं "एक्स्क्यूज मी" म्हणून वेळ मारून नेली. शेवटी एकदा ती म्हणाली, "माझं नाव डल्सी. एक्स्क्यूज मी माझी बहीण होती." त्यानंतर मात्र मी तिला डल्सी म्हणायला लागले आणि लवकरच भांडायलाही लागले.

तिचं आयुष्य तिने मला तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, तेही इस्त्री करता करता. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या एका दूरच्या मळ्यावर वाढली. शेजारी म्हणजे दिवसभराच्या रस्त्यावर. खेळायला सरडे. सिडनीला प्राणिशास्त्र शिकली, म्युझियममध्ये कपाटांना लेबलं लावायची नोकरी केली आणि तिथेच लपून-छपून पहिली कादंबरी लिहिली. ती गाजली. दुसरी कमी गाजली. मग एका इंग्रज प्रोफेसराशी लग्न करून बोटीने इकडे आली, तिसरी कादंबरी लिहिली, नवरा वारला, आणि ही मागे राहिली ती या घरात, त्रैमासिक चालवत. मधल्या काळात तिने शास्त्रावर जे निबंध लिहिले तसे मी आजवर दुसऱ्या कुणाचे वाचलेले नाहीत. मुंगी, मीठ, वटवाघळाचे कान, काहीही घ्यायची आणि तुम्ही जागचे हलायचे नाही. पण तिची कुणाला नीट ओळख पटली नाही. "कादंबरीवाले म्हणतात ही शास्त्रज्ञ, शास्त्रज्ञ म्हणतात ही कादंबरीवाली," ती म्हणायची. "दोघंही माझ्यापासून सुटका करून घेतात."

आमची भांडणं व्हायची ती पाट्यांवरून. पाटी हा तिचा शब्द. लेखात 'बहुधा', 'काही प्रमाणात', 'याचा पुरावा अजून अपुरा आहे' असं काही आलं की ती म्हणायची, "बागेत माणूस आत्ता कुठे फुलांकडे बघायला लागलाय आणि तू लगेच पाटी ठोकतेस, फुले तोडू नयेत!" आता मी पुण्याची. पाट्यांचं मला कसलं वावडं! माझं काम तपशील तपासण्याचं, म्हणून मी पाट्या ठोकायची आणि ती उपटायची. शेवटाच्या बाबतीत तर ती ऐकूनच घ्यायची नाही. "शेवटचं वाक्य झालं की दाराला कडी लाव. मागून कुणालाही आत सोडू नकोस. चुलत्यालाही नाही." बरेचदा तिचंच बरोबर असायचं हेही कबूल करायला हवं. लेख सुटसुटीत व्हायचा.

मग तो तापावरचा निबंध आला. रेडिओवर तिला एक भाषण द्यायचं होतं, त्यासाठी लिहिलेला. लहानपणी तिच्या वडिलांच्या शेडच्या पत्र्यावर निळ्या जिभेचा एक आजारी सरडा येऊन पडायचा. दिवसचे दिवस तापलेल्या पत्र्याला पोट लावून. सरड्याला आपल्यासारखा आतून ताप आणता येत नाही, म्हणून आजारी पडला की तो ऊन शोधतो, अंग तापवतो आणि त्या तापाने रोगाशी झुंजतो. ताप हा शत्रू नाही, शरीराचा तो जुना मित्र आहे, आपण त्याला घाबरून गोळ्यांनी हाकलतो, असा तो निबंध. शेवटचं वाक्य होतं, 'मग एका सकाळी सरडा पत्र्यावरून उतरला आणि गवतात चालता झाला.'

मी तो घरी टाइप करायला आणला आणि जेवताना अरविंदला वाचून दाखवला. त्याला मनापासून आवडला. मग भात कालवता कालवता थांबला आणि म्हणाला, "सुंदर आहे. खोटंही काही नाही. पण लहान पोरांचं काय? एखादी आई हे ऐकून ताप अंगावर काढत बसली तर? एक वाक्य घाल बाई शेवटी." मी घातलं. लहान मुलाला ताप आला आणि ते मलूल दिसलं, तर मात्र वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा. एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी वाचत होते आणि डल्सीची इस्त्री सरसर चालली होती. सरडा गवतात गेला. पुढचं वाक्य वाचलं आणि इस्त्री उभी.

"पाटी," ती म्हणाली.

"असू दे. हे अरविंदने सांगितलंय. तो रोज आजारी पोरं बघतो."

"म्हणून त्याला सगळ्या आया मूर्ख वाटतात."

"रेडिओवर बायका कामं करता करता ऐकतात, डल्सी. अर्धं ऐकतात."

"त्यांना अक्कल असते. त्यांना लहान मुलासारखं वागवू नकोस. सरडा गेला, संपलं. त्याच्या मागे स्टेथोस्कोप घेऊन डॉक्टर कशाला धावतोय?"

मी म्हटलं, हे वाक्य मी काही खोडणार नाही. मग तिने पेन्सिल माझ्या हातातून घेतली आणि स्वतः काट मारली. तोवर तिने कुणाच्याही कागदावर स्वतःच्या हाताने काट मारलेली मी पाहिली नव्हती.

भाषण गाजलं. तिचा आवाज जाड, कोरडा, सिगरेटींनी खरवडलेला. ऐकणारा माणूस खुर्ची ओढून बसायचा. लंडनच्या एका प्रकाशकाने लगेच निबंधांचं पुस्तक मागितलं. पहिला निबंध तापाचा, पुस्तकाचं नावही त्यावरूनच, आणि सोबत तिच्या तिन्ही कादंबऱ्या नव्याने छापायच्या. तिन्ही कादंबऱ्या तेव्हा कुठल्याही दुकानात मिळत नव्हत्या. डल्सी इतकी खूश झाली की वाफेची नवी इस्त्री घेऊन आली, आणि दुसऱ्याच दिवशी तिला शिव्या घालत जुनी परत काढली. "मरायच्या आधी एकदा तरी लोकांनी मला पुस्तकांच्या एका कपाटात सगळी एकत्र बघावं," असं म्हणाली. तेवढंच तिला हवं होतं. मला तिच्यासाठी फार आनंद झाला होता.

पुस्तकाची प्रुफं आली त्याच सुमाराला एका दुपारी दारावरची बेल वाजली. मी उघडलं. तिशीतली एक बाई, अंगात कारखान्यातला ओव्हरऑल, हाताशी चारेक वर्षांची मुलगी. मुलीच्या छातीवर पट्ट्याने बांधलेली हिअरिंग एडची डबी आणि दोन्ही कानांत वायरी. बाईचं नाव मॉरीन, मुलीचं केली. मॉरीन मोज्यांच्या कारखान्यात कामाला होती.

"रेडिओवर बोलल्या त्या बाई इथेच राहतात ना, डक?" तिने मला विचारलं. नॉटिंगहॅमची माणसं पोस्टमनपासून पोलिसापर्यंत सगळ्यांना 'डक' म्हणतात.

डल्सीला वाटलं, कुणी चाहती आली. "या, या, आत या," म्हणत हातातली इस्त्री टेबलावर ठेवून पुढे झाली. मॉरीन स्टुलाच्या कडेवर टेकली.

"मला एवढंच विचारायचंय," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलंत ते खरं आहे ना? ताप म्हणजे शरीर लढतं, ते?"

"खरं आहे."

"मग मी बरोबरच केलं ना?"

आणि मग ती सांगायला लागली. रडत नव्हती, आरडाओरडा नव्हता. केलीला ताप आला. सासू म्हणाली डॉक्टरला बोलव. ही म्हणाली, नको, रेडिओवर सांगितलंय, बाई चांगली शिकलेली होती. दोन दिवस पोरीला पांघरुणात उबेत ठेवलं. तिसऱ्या दिवशी पोर डोळे उघडेना. हॉस्पिटलात कळलं, मेनिंजायटिस. पोर वाचली, ऐकू येणं गेलं, ते कायमचं. आधी आणली असती तर कान वाचले असते का, हे विचारलं तर सांगता येत नाही म्हणाले. पण सासू सांगते, नवरा सांगतो, गल्लीतले सगळे सांगतात. "मी सगळ्यांना म्हटलं, मी त्या बाईंनाच जाऊन विचारते."

डल्सीला पळवाटा होत्या. सांगता येत नाही असं खुद्द हॉस्पिटलच म्हणालं होतं. ती त्यातल्या एकाही वाटेने गेली नाही, हे मी तिच्या बाजूने आधी लिहून ठेवते.

"चूक तुम्ही नाही केलीत," ती म्हणाली. "मी केली. त्यात आणखी एक वाक्य होतं. लहान मुलाच्या तापात थांबू नका, असं. मी ते काढून टाकलं."

"का?"

"शेवट बिघडत होता."

मॉरीनने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कसला शेवट?" तिने विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

खोलीत करपल्याचा वास यायला लागला. इस्त्री टेबलावर तशीच पालथी राहिली होती. मी उठून स्विच बंद केला. तो टॉवेल मी घरी जाताना कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि त्याबद्दल आम्ही दोघी पुढे कधीच बोललो नाही.

त्या दिवशी मला डल्सीचा इतका राग आला की घरी येऊन मी भांडी आपटत बसले. एक वाक्य, बाई! सगळं मिळून एक वाक्य! अरविंदने विचारलं तेव्हा त्याला सांगितलं. त्याने ताट बाजूला सारलं. केली त्याच्याच वॉर्डात होती, पण पेशंटचं तो घरी कधी बोलायचा नाही. फक्त म्हणाला, "मला वाटलं होतं, वाक्य घातलंय."

नंतरचे काही आठवडे डल्सी लिहीत होती. मग मला बोलावलं आणि इस्त्री माझ्या हातात दिली. "आज मी वाचते, तू कर." त्या निबंधात तिने सगळं लिहिलं होतं, सरडा, पेन्सिल, काट, मॉरीन, केली. स्वतःला कुठेही सोडलं नव्हतं. पुस्तकात तापाच्या निबंधाला लागूनच तो छापायचा, असं तिने ठरवलं होतं. तिने आयुष्यात लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं लिखाण होतं. ऐकता ऐकता माझा हात थांबला, आणि करपायच्या आत मी इस्त्री उचलली ती कशी, माझं मलाच ठाऊक. वाचून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर, कितीही दाबला तरी, लेख जमल्याचा आनंद होता. मी म्हटलं, "आधी मॉरीनला दाखव." ती म्हणाली, "अर्थात. तिच्या परवानगीशिवाय कसा छापीन?"

आम्ही दोघी बसने मॉरीनकडे गेलो. मॉरीनने हाताची घडी घालून सगळं ऐकून घेतलं. केली जमिनीवर ठोकळे रचत होती.

"हे छापणार?" मॉरीनने विचारलं.

"तू हो म्हणालीस तर. दोष सगळा माझ्यावर घेतलाय मी."

"घेतलास ना. पण दोन दिवस थांबलं कोण? मीच ना? आज ना उद्या ही वाचायला शिकणार. मग हे वाचणार." तिने ठोकळ्यांकडे बोट केलं. "हिला आई एकच आहे. ती मी आहे. मला नकोय तिने माझा राग राग केलेला." मग म्हणाली, "आणि शेवट छान केलायस हां. फार छान. सापडला तुला पुन्हा शेवट."

थप्पड बसावी तशी डल्सी मागे सरकली. कागदांची घडी करून तिने कोटाच्या खिशात घातली. मग तिने विचारलं, "मी काय करू, मॉरीन?"

"गुरुवारी माझी लेट शिफ्ट असते. सासू आता येत नाही. पोरीला सांभाळशील?" आणि लगेच, "पण तिला कधी सांगायचं नाही. कुणालाच सांगायचं नाही. तू का येतेस ते."

डल्सी हो म्हणाली. तो निबंध तिने त्याच दिवशी घरी शेगडीत घातला. मग प्रकाशकाला फोन करून सांगितलं, तापाचा निबंध पुस्तकात घ्यायचा नाही. कारण? "चांगला नाही." त्याला तो निबंध सोडून बाकीचं पुस्तक नको होतं. मी तिच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. म्हटलं, अगं, गाळलेलं वाक्य परत घाल आणि छाप की! कुणाला काय कळणार आहे?

"तेच तर," ती म्हणाली. "लोक वाचतील आणि म्हणतील, वा, किती जपून लिहिते ही बाई."

पुस्तक गेलं. त्याच्याबरोबर कादंबऱ्याही गेल्या. तिला सगळी पुस्तकं एका कपाटात बघायची होती ना, ते कपाट रिकामंच राहिलं. लोक वाट्टेल ते बोलले. म्हातारी लहरी झाली, दारू पिते, संपली. लंडनहून आलेल्या एका तरुण लेखकाने तिच्याच घरी, तिच्याच हातचे सँडविच खाता खाता माझ्या कानात सांगितलं की तिला आता लिहिताच येत नाही, म्हणून ही नाटकं. माझ्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं. त्याची प्लेट काढून घेतली आणि स्वयंपाकघरात निघून गेले, दुसरं काय करणार? डल्सीने त्यानंतर स्वतःच्या नावाने एक ओळ छापली नाही. त्रैमासिक चालू ठेवलं. नवे लेखक यायचे, स्टुलावर बसायचे. एक फरक मात्र मला दिसायचा. लेखात एखादी पाटी आली की इस्त्री आता उभी राहायची नाही. ती सरळ जायची, जरा जास्तच हळू.

गुरुवारसाठी ती कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात खुणांची भाषा शिकायला जायला लागली. मॉरीनही त्याच वर्गात. ही पहिल्या रांगेत, ती शेवटच्या. डल्सीची बोटं संधिवाताने आखडलेली, तिच्या खुणा म्हणजे नुसता गोंधळ. केली खो-खो हसायची आणि तिची बोटं धरून सरळ करायची. हळूहळू मात्र दोघींचं इतकं जमलं की मी गेले तर मीच बहिरी वाटायची. डल्सी तिला सरडे, मुंग्या, वटवाघळं सांगायची, आणि पोर तोंड उघडं टाकून तिच्या हातांकडे बघत राहायची. शिफ्ट संपवून मॉरीन यायची, कोट न काढता दारात उभी राहायची आणि केलीला घेऊन जायची. मला "येते हं, डक" म्हणायची. समोरच्या घरातल्या कुत्र्यालाही डक म्हणायची. डल्सीला एकदाही नाही.

एकदा मी न राहवून विचारलं, "किती वर्षं अशी शिक्षा भोगणार आहेस?"

"शिक्षा कसली गं?" ती म्हणाली. "मला ती पोर आवडते. तीच तर भानगड आहे. ती धावत येऊन गळ्यात पडते. ते वाक्य तिला माहीत असतं तर पडली असती का? मी चोरून प्रेम खातेय." मग सिगरेट वळत म्हणाली, "परवा विचारत होती, तू माझी कोण? मी सांगितलं, गुरुवारची बाई." हे सांगताना तिचे डोळे भरून आले होते आणि तिने ते लपवलेही नाहीत.

केलीला सांगून टाकावं, हा एकच ध्यास तिला शेवटच्या वर्षांत लागला होता. पण शब्द दिला होता. मॉरीनकडे तिने पुन्हा कधी विषय काढला नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर तिच्या घशात कॅन्सर निघाला. ऑपरेशन केलं, स्वरयंत्र काढलं. तो आवाज गेला. रेडिओवरचा तो जाड, कोरडा आवाज गेला आणि तिच्या गळ्याला भोक राहिलं. मला आणि नर्सना ती पाटीवर खडूने लिहून दाखवायची, वैतागायची, पुसून टाकायची. केली आली की मात्र पाटी बाजूला. केली आता चौदा-पंधरा वर्षांची, शाळेच्या युनिफॉर्ममध्ये वॉर्डात यायची आणि दोघींचे हात सुरू व्हायचे. शेजारच्या कॉटवरची म्हातारी मला म्हणाली, "या दोघी किती बडबडतात!" त्या सबंध शहरात डल्सीला आता धड बोलता येत होतं ते फक्त त्या एका मुलीशी.

मग एका दुपारी तिने पाटीवर लिहिलं, 'मॉरीनला विचार.' काय ते विचारायची गरज नव्हती. डॉक्टरांनी तिला आदल्याच दिवशी सांगितलं होतं की कॅन्सर पसरला आहे.

मी मॉरीनच्या घरी गेले. तिने दारातच ऐकून घेतलं. "तिला हलकं होऊन मरायचंय," ती म्हणाली. "आणि मी? मला या पोरीबरोबर जगायचंय." तिने दार लावून घेतलं. मी डल्सीला येऊन सांगितलं, तिने मान डोलावली आणि पाटी उशाखाली सरकवून दिली.

शनिवारी भेटीच्या वेळेला मी फळं घेऊन गेले होते. पडदा सरकला आणि केली आत आली. तिच्यामागे मॉरीन. मॉरीन डल्सीला बघायला पहिल्यांदाच येत होती. केलीचे डोळे सुजलेले होते. ती नेहमीसारखी कॉटवर बसली नाही, पायथ्याशी उभी राहिली आणि तिचे हात चालू झाले. मला खुणा जेमतेमच कळायच्या. मॉरीन खाली बघत, सपाट आवाजात माझ्यासाठी बोलून दाखवायला लागली.

"आईने सांगितलं. सकाळी."

डल्सीचे हात चादरीवर तसेच पडून राहिले.

"सगळं सांगितलं. आईने किती दिवस वाट बघितली ते पण." हेही मॉरीनने शब्दन् शब्द बोलून दाखवलं. "आईला ते वाक्य शब्दशः आठवत नाही. मला हवंय. काय होतं ते वाक्य?"

डल्सी उशीवरून वर सरकली. मी आधार द्यायला गेले तर तिने मला बाजूला केलं. आणि त्या वाकड्या बोटांनी तिने ते वाक्य, कधीपासून पाठ असलेलं, एक शब्दही न गाळता सांगितलं. मॉरीन ते माझ्यासाठी मोठ्याने बोलत गेली. लहान मुलाला ताप आला. आणि ते मलूल दिसलं. तर मात्र वाट पाहू नका. शेवटचे शब्द तिने उच्चारले की नुसते ओठ हलवले, मला आठवत नाही. मी माझ्याच डोळ्यांना रुमाल लावला होता.

केलीने एकच खूण केली. ती मलाही कळली. इतकंच?

डल्सीने मान डोलावली. इतकंच.

मला वाटलं, आता केली जाईल. ती कॉटला वळसा घालून आली. डल्सीचा उजवा हात तिने हातात घेतला आणि 'वाट पाहणे' या खुणेतली तिची बोटं सरळ केली. ती खूण डल्सी पहिल्यापासून चुकवायची. मग केलीने हात सोडला आणि इशारा केला, पुन्हा सांग. डल्सीने पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. केली हसली नाही. तिने मान डोलावली आणि स्टूल ओढून तिच्याजवळ बसली. मॉरीन पडद्यापाशीच उभी होती, कोट अंगात. निघताना मला म्हणाली, "येते, डक." डल्सीला काहीच म्हणाली नाही, पण केलीला मात्र घेऊन गेली नाही.

त्या महिन्यातच डल्सी गेली. एका पेपरात चार ओळी आल्या. एक गाजलेली कादंबरी, काही उत्तम निबंध, आणि मग न उलगडलेलं मौन, असं लिहिलं होतं. मी तो पेपर चुरगळून टाकला.

हे लिहिण्यापूर्वी मी दोघींना विचारलं. मॉरीन आता आजी झाली आहे. ती म्हणाली, "केलीला चालत असेल तर लिही." केली कर्णबधिर मुलांना शिकवते. तिने होकार दिला, पण अट घातली. ते वाक्य शेवटी घालायचं, आणि त्यानंतर एक अक्षर लिहायचं नाही. मी म्हटलं, अगं, डल्सीने इस्त्री उभी केली असती. ती म्हणाली, करू दे.

लहान मुलाला ताप आला आणि ते मलूल दिसलं, तर मात्र वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा.